प्रतिकूल काही आढळले नाही

सुरुचीच्या डोहाळजेवणाला शुक्रवार धरला तो तिच्या आईने, अनसूयाबाईंनी, देवीचा वार म्हणून. रविवारी पहाटेच्या विमानाने नीलम आणि इशिता आयर्लंडला परत जाणार की जाणारच नाहीत, हे शुक्रवारपर्यंत कळून जाईल असाही एक होरा त्यात होता, पण तो कुणी बोलून दाखवला नव्हता. सावे मंडळींचं घर न बोललेल्या गोष्टींवरच चालतं.

तर मीरा रोडच्या शांतीनगरातल्या त्यांच्या एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये सोफा बाल्कनीत ढकलला होता. हॉलमध्ये भाड्याने आणलेला झोपाळा, त्याला शेवंतीच्या माळा, आणि त्यावर सातव्या महिन्यातली सुरुची फुलांचे दागिने घालून घामाघूम बसलेली. एप्रिल महिना, बायका पंधरा-सोळा आणि पंखे दोन. सुरुचीच्या वडिलांना, गुणवंतरावांना, स्वयंपाकघराच्या दाराशी प्लास्टिकची खुर्ची देऊन ताक वाटायचं काम लावलं होतं. अडुसष्ट वर्षांचा माणूस, सरकारी कचेरीत चौतीस वर्षं आस्थापना शाखेत काढलेली. ताकाचे पेलेसुद्धा ते वयाच्या ज्येष्ठतेने देत होते.

पावणेदोनला नीलमचा फोन वाजला. ती पुरणपोळीवर तूप वाढत होती. तिने तुपाची वाटी तशीच हातात धरून मेल वाचला, वाटी गुणवंतरावांच्या टेबलावर ठेवली आणि बेडरूममध्ये गेली. अनसूयाबाईंनी ते पाहिलं. सुरुचीनेही पाहिलं आणि ती फुलांसकट झोपाळ्यावरून उतरली.

नीलम म्हणजे सून, कौस्तुभची बायको. कौस्तुभ दोन वर्षांपूर्वी तिकडे नोकरीला गेला आणि गेल्या जूनमध्ये नीलम लेक इशिताला घेऊन त्याच्यामागे गेली, भाईंदरला वासंतीताईंच्या पॅथॉलॉजी लॅबमधली अकरा वर्षांची नोकरी सोडून. हातात कसब असलेल्या माणसाला कामाला काय तोटा, असं तेव्हा गुणवंतराव स्वतःच म्हणाले होते. तोटा होता. दहा महिन्यांत तिने एकशे चौतीस अर्ज केले. आधी बायोडेटा अपलोड करायचा, मग त्यातलंच सगळं पुन्हा रकान्यांत टाइप करत बसायचं. पहिल्या वीस-पंचवीस अर्जांत तिने इथल्या पद्धतीने वडिलांचं नाव, नवऱ्याचं नाव, रक्तगट आणि फोटो घातला होता. तिथल्या लायब्ररीतल्या एका बाईने ते सगळं काढायला लावलं. मग जो तो विचारू लागला, इथला अनुभव आहे का? अनुभवाला नोकरी पाहिजे, नोकरीला अनुभव पाहिजे. बहुतेकांकडून उत्तरच यायचं नाही, आणि यायचं ते 'अनफॉर्च्युनेटली' म्हणत यायचं. माणूस किती वेळा ऐकून घेणार? तिचं वजन सहा किलोने उतरलं, आणि फोन वाजला की ती दचकायला लागली.

शेवटी पाण्याचे नमुने तपासणाऱ्या एका लॅबने दोनदा मुलाखत घेतली. पसंत आहात म्हणाले. आधीच्या ठिकाणची चौकशी तेवढी राहिली. ही नोकरी झाली तर परत जायचं. नाही झाली तर नीलम आणि इशिता इथेच राहणार, इशिता तिच्या जुन्या शाळेत पाचवीत जाणार, आणि कौस्तुभने तिकडे एकट्याने दिवस काढायचे, असं नवरा-बायकोत ठरलं होतं. "हा शेवटचा, आई. आता माझ्यात दम नाही," असं तिने आल्या दिवशीच सासूला सांगितलं होतं.

गुणवंतराव ताकाचा जग घेऊनच बेडरूमच्या दारात गेले. पलंगावर बायकांच्या पर्सचा ढीग, त्याच्या कडेला नीलम टेकलेली. तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज सरळ होता. तिने मेल मराठीत करून सांगितला.

"आधीच्या वरिष्ठांनी दिलेला अभिप्राय फारच मध्यम आहे, म्हणतात. मुलाखतीत आम्हांला जे दिसलं त्याच्याशी जुळत नाही. आज त्यांच्या अकरा वाजता, म्हणजे आपल्या साडेतीनला, वासंतीताईंशी फोनवर बोलायचंय. समाधान झालं नाही तर दुसऱ्या उमेदवाराला घेणार."

"वासंतीताईंनी?" अनसूयाबाई म्हणाल्या. "त्या तर बाहेर जेवतायत. दुसरी पोळी घेतली आत्ता."

"घेणारच," सुरुची म्हणाली. "आई, तुला कळत नाही का? वहिनी गेल्यापासून तिने दोन मुली ठेवल्या, दोन्ही पळाल्या. वहिनी इथे राहिली तर कुणाचा फायदा आहे?"

"असं नको म्हणू गं," नीलम म्हणाली. "अकरा वर्षं एका टेबलावर डबा खाल्लाय आम्ही." पण म्हणता म्हणता तिचाच आवाज डळमळला. माणसाचा विश्वास असाच जातो, आधी आवाजातून.

गुणवंतरावांच्या हातातला जग जड झाला. कारण तो अभिप्राय वासंतीताईंनी भरला होता हे खरं, पण भरवून घेतला होता गुणवंतरावांनी.

झालं होतं असं. दहा दिवसांपूर्वी ते साखरेची तपासणी करायला साठ फुटी रोडवरच्या लॅबमध्ये गेले होते. वासंतीताई कॉम्प्युटरसमोर हवालदिल होऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "सावेसाहेब, बरे आलात. हा फॉर्म आलाय नीलमचा. एक ते पाच गुण द्यायचेत बारा ठिकाणी. तुमचा जन्म गेला यात, सांगा कसं भरायचं." आणि खरंच जन्म गेला होता. चौतीस वर्षं दर मार्चअखेर त्यांनी शे-दीडशे माणसांचे गोपनीय अहवाल पाहिले होते. तिथे पाच श्रेणी: अत्युत्कृष्ट, उत्कृष्ट, निश्चित चांगला, चांगला आणि साधारण. अत्युत्कृष्ट द्यायचं तर कारणांचा वेगळा कागद जोडावा लागतो, आणि वरचा साहेब तो कागद 'हे कशावरून' असा शेरा मारून परत पाठवतो. मधलं 'निश्चित चांगला' दिलं की कुणी काही विचारत नाही आणि माणसाची बढतीही अडत नाही. सुनेची फाईल कुठे अडू नये म्हणून त्यांनी वासंतीताईंना सगळीकडे तीन द्यायला सांगितलं. शेऱ्याच्या रकान्यात तोंडपाठ वाक्य सांगितलं, 'नथिंग ॲडव्हर्स हॅज कम टू नोटिस', प्रतिकूल काही आढळले नाही. याहून चांगलं वाक्य त्यांच्या कचेरीत कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं. आणि 'या व्यक्तीला पुन्हा कामावर घ्याल का' याच्यापुढे, 'जागा रिक्त असल्यास विचार करता येईल.' घरी येताना ते मनातल्या मनात खूश होते. आपण आज सुनेसाठी काहीतरी केलं, असं वाटून त्यांनी भाईंदर स्टेशनसमोर उसाचा रससुद्धा घेतला होता, साखर असताना.

आता ते दारात उभे होते आणि बोलायला हवं होतं.

तेवढ्यात इशिता त्यांच्या काखेखालून आत डोकावली. "आजोबा, आत्या उठलीय, तर झोपाळ्यावर मी बसू?" ते बस म्हणाले. ती पळाली, आणि दारातून त्यांना झोपाळा दिसत राहिला. दहा वर्षांची पोर, दोन्ही पाय ताणून झोका घेत होती. परवाच्या मंगळवारी ते कुणाला न सांगता तिच्या जुन्या शाळेत जाऊन पाचवीच्या प्रवेशाचा फॉर्म घेऊन आले होते. कपाटात, पेन्शनच्या कागदांखाली ठेवला होता.

खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांच्या मनात एवढंच आलं, की काही करायचं नाहीये. नुसतं गप्प बसायचं. चूक तर होऊन गेलेली, मुद्दाम केलेली नाही. साडेतीन वाजतील, वासंतीताई इंग्रजीत अडखळतील, आणि ही पोर इथे राहील. सकाळी शाळेत सोडायचं, दुपारी आणायचं.

"जाऊ दे, नीलम," अनसूयाबाई म्हणाल्या. त्या सुनेच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, पण चेहऱ्यावरची आशा काही झाकता येत नव्हती. "देवाच्या मनात नसेल. आपली माणसं आहेत इथे. उपाशी का मरणार आहोत?"

"आई, तू पण ना," सुरुची म्हणाली. "दादा तिकडे एकटा राहील त्याचं काय? आणि वहिनीची दहा महिन्यांची मेहनत? थांबा, मी बाहेर जाऊन विचारते तिला. सगळ्यांसमोर विचारते, असं का केलंस म्हणून."

ती खरंच निघाली. सात महिन्यांचं पोट, फुलांचा कंबरपट्टा, पण गडी इरेला पेटलेला. वासंतीताईंना हॉलमध्ये पंधरा बायकांसमोर कुणी असं विचारणार, त्यांच्या ताटात दुसरी पोळी असताना, हे गुणवंतरावांना सोसलं नाही.

"सुरुची, थांब," ते म्हणाले. "वासंतीताईंना काही बोलायचं नाही. ते माझं काम आहे."

आणि त्यांनी सगळं सांगितलं, कचेरीत सांगायचे तसं, तारखेपासून. बाहेर कुणीतरी उखाण्याचा आग्रह करत होतं आणि बायका हसत होत्या.

"सगळीकडे तीन?" नीलमने विचारलं.

"एका ठिकाणी चार. वक्तशीरपणाला."

"बाबा," सुरुची म्हणाली, "आजकाल रिक्षावाल्याला ॲपवर तीन स्टार दिले ना, तर तो फोन करून विचारतो, ताई, काय चुकलं?"

"मला काय ठाऊक? आमच्याकडे तीन म्हणजे निश्चित चांगला."

"तुमच्याकडे," अनसूयाबाई म्हणाल्या, आणि बघता बघता त्या बाजू बदलून नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. "तुमच्याकडे काय चांगलं आहे हो? बेचाळीस वर्षं आमटी खाताय माझ्या हातची. कशी झालीय विचारलं की, ठीक आहे. एकदा तरी दुसरा शब्द निघाला तोंडातून? मला सवय झाली. तिकडच्या लोकांनी का सवय करून घ्यावी?"

सुरुचीने तोवर कौस्तुभला फोन लावून स्पीकरवर टाकलं होतं. त्याच्या ऑफिसात सकाळचे साडेनऊ वाजत आले होते. तो ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने एकच गोष्ट काढली. "बाबा, दहावीला मला शहाऐंशी टक्के पडले तेव्हा तुम्ही काय म्हणालात, आठवतंय? पास झालास, म्हणालात. मी जिन्यात बसून रडलो होतो."

गुणवंतरावांना आठवत नव्हतं. त्या रात्री बसून, कचेरीत कुणाकुणाला मुलाचे टक्के सांगून पेढे वाटायचे याची यादी केली होती, ते आठवत होतं. पण ते मुलाला कोण सांगणार होतं?

नीलम उठली आणि सासऱ्यांसमोर आली. तेरा वर्षांत तिने त्यांना उलट उत्तर दिलं नव्हतं.

"बाबा, एक विचारते. राग मानू नका. हे मुद्दाम केलंत का? आम्ही राहावं म्हणून?"

"नीलम," अनसूयाबाई म्हणाल्या.

"नाही आई, मला कळायला हवं. मी एकशे चौतीस वेळा विचार केलाय, माझं काय चुकतंय. माझं इंग्रजी वाईट आहे का, मी वयाने जास्त आहे का, मी दिसते कशी. निदान हे एक तरी मला खरं कळू दे."

गुणवंतरावांनी जग खाली ठेवला. "फॉर्म मुद्दाम नाही," ते म्हणाले. "शपथ घेऊन सांगतो, मला वाटलं मी तुझं भलं करतोय. पण आत्ता तू मेल वाचून दाखवलास तेव्हा मला कळलं होतं. तेव्हा मी गप्प बसलो. पाच मिनिटं. इशिता झोके घेत होती आणि मला वाटलं, राहू दे. ते मात्र मुद्दाम होतं."

तिने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. रागाने पाहिलं, असं म्हणता येणार नाही. खरं उत्तर मिळाल्यावर माणूस जसं आधी त्याची खातरी करून घेतो, तसं पाहिलं. मग म्हणाली, "साडेतीनला अजून दीड तास आहे. वासंतीताईंना आत बोलवा."

वासंतीताई आल्या त्या हात धुऊन, पदराला पुसत. गोऱ्या, ठेंगण्या, पन्नाशीच्या. सगळं कळल्यावर त्या पर्सच्या ढिगावरच बसल्या.

"सावेसाहेब, मी तरी म्हणत होते पाच देऊ. तुम्ही म्हणालात, पाच दिलेत तर चौकशी लागेल."

"लागलीच," सुरुची म्हणाली.

"आणि फोनवर मी बोलायचं? इंग्लिशमध्ये? अगं नीलम, माझं इंग्लिश म्हणजे पॉझिटिव्ह, निगेटिव्ह आणि कम फास्टिंग. मी काय बोलू?"

गुणवंतराव एवढ्यात कपाटातून कोरा कागद आणि पेन घेऊन आले होते. खुर्ची ओढून बसले. हातात कागद आल्यावर त्यांच्या अंगात पुन्हा जीव आल्यासारखा झाला. "अत्युत्कृष्ट द्यायचं तर कारणं जोडावी लागतात," ते म्हणाले. "ती आपण जोडू. तुम्ही मराठीत सांगा, मी इंग्रजीत मुद्दे काढतो. नीलम, तू बाहेर जा. ज्याचा अहवाल असतो त्याने समोर बसायचं नसतं."

नीलम हसली. दहा महिन्यांत तिला असं आपोआप हसू आलेलं अनसूयाबाईंनी पाहिलं नव्हतं. त्या तिला हाताला धरून हॉलमध्ये घेऊन गेल्या, आणि जाता जाता कुजबुजल्या, "मी देवीला दोन्ही सांगून ठेवलंय गं. नोकरी मिळू दे, आणि पोर इथे राहू दे. आता तिचं ती बघेल."

मग गुणवंतरावांनी वासंतीताईंची रीतसर साक्ष घेतली. रजा किती? अकरा वर्षांत आजारपणाचे नऊ दिवस. कोविडात? तेव्हा तर रोज पायी यायची, मीरा रोडवरून भाईंदरपर्यंत, गाड्या बंद होत्या ना. गुणवंतरावांना हे ठाऊक होतं, त्याच घरातून ती जायची, पण असं ओळीने कागदावर उतरलेलं पाहिलं की वेगळंच वाटत होतं. काही चूक? त्यांनी सवयीने विचारलं.

वासंतीताई घुटमळल्या. "एक आहे. पण सांगू का नको?"

"सांगा. चूक लपवली की अहवाल खोटा ठरतो."

"सहा वर्षं झाली. एकाच आडनावाच्या दोन बायका, एकीची साखर तपासायची, दुसरीची थायरॉइड. नीलमकडून दोघींच्या नळ्यांवरची लेबलं उलटसुलट लागली. रिपोर्ट देऊन झाले होते, दोघींचे नॉर्मल. कुणाच्या बापाला कळलं नसतं. संध्याकाळी तिच्याच लक्षात आलं आणि तिने मला सांगितलं. मी म्हणाले, गप्प बस, नॉर्मलच आहेत दोन्ही, बोभाटा झाला तर लॅब बंद पडेल. तर ही ऐकेना. दुसऱ्या दिवशी एकीच्या घरी राई गावात गेली, दुसरीच्या चौक गावात, उत्तनची बस पकडून. दोघींची माफी मागून पुन्हा रक्त घेऊन आली. एकीचा नवरा दारात नको नको ते बोलला. ही ऐकून घेऊन आली. पुन्हा तपासलं तर दुसरीला थायरॉइड निघाला, साहेब."

गुणवंतरावांचं पेन थांबलं. मघाची ती पाच मिनिटं त्यांना आठवली. तेरा वर्षं ही मुलगी त्यांच्या घरात वावरली, त्यांच्या गोळ्या दोन वेळा हातावर ठेवत राहिली, आणि ती कोण आहे हे त्यांना आज, पर्सच्या ढिगाऱ्यात बसून, परक्या बाईकडून कळत होतं. त्यांना लाज वाटली आणि त्याच वेळी फार अभिमानही वाटला. मुद्दा क्रमांक पाच म्हणून त्यांनी ते लिहून घेतलं.

साडेतीनला फोन आला. दार लावलेलं, पंखा मंद केलेला, फोन उशीवर. वासंतीताई मांडी घालून बसलेल्या, गुणवंतराव समोर कागद धरून. पलीकडून एका बाईचा मऊ आवाज आला. नमस्कार-चमत्कार झाले. वासंतीताईंनी कागदाकडे पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की चष्मा हॉलमध्ये राहिलाय.

त्यांनी डोळे मिटले आणि बोलायला सुरुवात केली. "मॅडम, फॉर्म आय फिल राँग. हियर थ्री इज व्हेरी गुड. इन अवर गव्हर्नमेंट, फाइव्ह नोबडी गेट्स. ओन्ली गॉड."

पलीकडची बाई हसली. मोकळं हसली. मग तिने विचारलं, की नीलमची एखादी चूक आठवते का? वासंतीताईंनी लेबलांची सगळी गोष्ट तशाच मोडक्या इंग्रजीत सांगितली, आपण गप्प बस म्हणालो होतो हेसुद्धा. गुणवंतरावांनी एकही शब्द सुधारला नाही. पलीकडे बराच वेळ फक्त टाइप केल्याचा आवाज येत राहिला. मग शेवटचा प्रश्न आला, की पुन्हा कामावर घ्याल का तिला?

वासंतीताईंचे डोळे भरून आले. "टुडे," त्या म्हणाल्या. "हर चेअर इज एम्टी, मॅडम. टू गर्ल्स केम, टू गर्ल्स वेंट. आय वाँट हर बॅक." थोडं थांबून त्यांनी नाक पुसलं. "बट यू टेक."

वासंतीताईंनी फोन ठेवला. "बरं बोलले का हो?" त्यांनी विचारलं.

"ठी…" गुणवंतराव म्हणाले, आणि थांबले. "फार छान बोललात. मला जमलं नसतं."

नंतरचे दोन तास कसे गेले ते विचारू नका. बायकांनी डोहाळ्याची गाणी म्हटली, सुरुचीला पुन्हा झोपाळ्यावर बसवलं, ओट्या भरल्या. नीलमने सगळ्यांना पानसुपारी दिली, मग भांडी आवरली, मग आवरलेली भांडी पुन्हा पुसली. फोन तिने फ्रीजवर उलटा ठेवला होता. मंडळी पांगली, वासंतीताई मात्र थांबल्या. त्यांना सुरुचीने स्वतः हाताला धरून आपल्याशेजारी झोपाळ्यावर बसवून घेतलं, आणि मघाशी मनात आलेलं न सांगता त्यांच्या हातात आपल्या वाट्याचे दोन पेढे ठेवले. त्यांनी ते दोन्ही खाल्ले.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी फ्रीज थरथरला. नीलम हलेना. शेवटी इशिताने स्टूल ओढून फोन काढला आणि मोठ्याने वाचायला लागली. पोरीचं इंग्रजी आता तिकडचं झालं होतं, कुणाला नीट कळेना. पहिल्या ओळीत 'अनफॉर्च्युनेटली' नाही, एवढंच गुणवंतरावांनी कान देऊन ऐकलं. मग 'डिलाइटेड' ऐकू आलं.

"मम्मा, तुला पुढच्या सोमवारी बोलावलंय," इशिता म्हणाली. "म्हणजे रविवारी जायचं ना आपण?"

"जायचं," नीलम म्हणाली, आणि स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसली. अनसूयाबाई तिच्याजवळ बसल्या. दोघी एकमेकींना धरून रडल्या. एक सुटल्याच्या आनंदाने रडत होती. दुसरी तेवढीच खूश होती, आणि शिवाय रविवारसाठी रडत होती. रडता रडताच अनसूयाबाई म्हणाल्या, "देवीने एकच ऐकलं बघ. बरोबर तेच ऐकलं." सुरुचीने पुन्हा फोन लावला, तर स्पीकरवर कौस्तुभ नुसता "हो का, हो का" करत होता.

गुणवंतराव बेडरूममध्ये गेले, कपाट उघडून पेन्शनच्या कागदांखालचा शाळेचा फॉर्म काढला आणि फाडून टाकला. थोडं वाईट वाटलं. पण मन मात्र इतकं हलकं झालं होतं, की त्यांना स्वतःचंच नवल वाटलं.

बाहेर आले तेव्हा बाल्कनीतला सोफा परत हॉलमध्ये आला होता आणि नीलम त्यावर झोपली होती. भर संध्याकाळी, दिवेलागणीला, सासूसासऱ्यांसमोर, तोंड किंचित उघडं टाकून, साडीतच. तेरा वर्षांत ती या घरात अशी कधी झोपली नव्हती. अनसूयाबाई उठवायला निघाल्या, "अगं, दिवा लावायची वेळ, असं झोपू नये," तर गुणवंतरावांनी त्यांना हातानेच थांबवलं. पंखा वाढवला. प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि दार उघडून बाहेर जिन्यात, बेलच्या बटणाखाली नेऊन ठेवली, आणि तिच्यावर बसले.

पाच-दहा मिनिटांत समोरच्या जिग्नाबेन आल्या. दुपारी त्यांना यायला जमलं नव्हतं, सुरुचीसाठी ओटीचं सामान घेऊन आल्या होत्या. बेलकडे हात नेणार तोच गुणवंतरावांनी ओठांवर बोट ठेवलं. जिग्नाबेननी उघड्या फटीतून आत पाहिलं आणि घाबरून विचारलं, "क्या हुआ अंकल? बहू की तबियत खराब है क्या?"

"नहीं," गुणवंतराव हळूच म्हणाले. "नौकरी लगी है. सो रही है."